कुबेर कशानं उभा राहतो

आधी माझीच फजिती सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्याची सांगायला मी मोकळी. दिवालीबाई शेजारी कामाला आली, तेव्हा पहिले चार दिवस मी तिला मुकी समजत होते.

हसू नका. तुम्हीही समजला असता. जळगावच्या आमच्या कॉलनीत माझं घर आणि ज्ञानचंदजींचा बंगला यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवर कोपरं टेकून सकाळचा चहा प्यायचा हा माझा वीस वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बघते तर त्यांच्या अंगणात एक नवी बाई उभी. पन्नाशीची, सडसडीत, पदर कमरेला खोचलेला. पायाशी त्यांच्याकडे नुकतंच आणलेलं लॅब्रॅडॉरचं काळं पिल्लू. बाई हलत नाही, पिल्लू हलत नाही. दोघं समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत खांबासारखी उभी. माझा अर्धा कप संपला तरी तशीच.

मला वाटलं, भीतीनं गोठली बिचारी. मी भिंतीवरून ओरडले, "अगं बाई, चावत नाही तो! दुधाचे दात आहेत अजून त्याचे!"

उत्तर नाही. मानसुद्धा वळवली नाही. ऐकू येत नाही, म्हणजे बोलताही येत नसणार, असं मी जिथल्या तिथे ठरवून टाकलं. माझं असलं ठरवणं फार झटपट असतं. मग काय, चार दिवस खाणाखुणा. कुत्रा चावत नाही हे सांगायला मी स्वतःच्या मनगटाला चावायचं सोंग केलं आणि जोरजोरात मान हलवली. चहा हवा का हे विचारायला रिकामी बशी फुरकून दाखवली. नाव काय, हे खुणेनं कसं विचारतात ते मला अजूनही माहीत नाही, पण मी विचारलं. ती डोळे बारीक करून नुसती बघायची.

पाचव्या दिवशी ती भिंतीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, तुमनी तब्येत बरी शे ना?"

बशी पडायची राहिली माझ्या हातातून. "अगं, तुला बोलता येतं?"

"माले येस. माले वाटनं, तुमीच मुक्या शेत." मग जरा थांबून वर, "तवय बरं व्हतं."

तेव्हाच बरं होतं म्हणे! मला! जिच्या तोंडाला घाबरून आमचे हे निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी दोन तास फिरायला जातात, तिला ही बाई मुकी समजली. त्या दिवसापासून ती मला जाम आवडायला लागली. तिला मी आवडते की नाही हे तिनं अजून सांगितलेलं नाही. ती फारसं काही सांगतच नाही.

तिच्याबद्दल जे कळलं ते मी थेंब थेंब काढलं. गाव यावल तालुक्यात, पार सातपुड्याच्या पायथ्याला. तिथे पावसावरची थोडी शेती, ती नवरा कुवरसिंग बघतो. मुलगा जगदीश इथे एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात लागला, म्हणून ही इकडे आली. घरी पावरी बोलते, आमच्याशी अहिराणी. आणि लहानपणापासून बकऱ्या. बापाबरोबर बाजारात बकऱ्या उभ्या करायच्या, विकायच्या, घरी यायचं.

"पण त्या दिवशी तू कुत्र्याशेजारी पुतळ्यासारखी का उभी होतीस?" हे विचारायला मला आठवडा लागला, कारण मध्ये मीच बोलत होते.

"गोचिड्या काढानी सवय लावत व्हते. तो हालना ते मी कशी काढू? मी उभी, ते तो उभा."

इतकं साधं. जनावराला उभं राहायला शिकवायचं तर आधी आपण उभं राहायचं. मला हे जन्मात जमणार नाही. तिनं दोन बोटं त्या पिल्लाच्या हनुवटीखाली धरली, मान उचलली, दुसऱ्या हातानं मागचा पाय गुडघ्यावरून उचलून जागेवर ठेवला, आणि हात काढून घेतला. पिल्लू तसंच राहिलं. पिल्लाचं नाव कुबेर. व्यापाऱ्याच्या घरी दुसरं काय ठेवणार?

आता ज्ञानचंदजींच्या घरातली शिस्त सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. हे जैन घर, आणि घर चालतं सुगनबाईंच्या हुकमानं. ज्ञानचंदजींना बाजारात लोक शेठ म्हणतात, घरात ते विचारून पाणी पितात. सुगनबाई सूर्य मावळला की काही खात नाहीत आणि कुबेर आल्यापासून त्यालाही देत नाहीत. साडेपाचला त्याची थाळी. दूध, पोळी, पनीर. आणि थाळीपुढे त्यानं बसायचं. सुगनबाई नवकार मंत्र म्हणून होईपर्यंत बसूनच राहायचं, मग खायचं. महिनाभरात असं पक्कं झालं की कुणाच्याही हातात काही खाण्याचं दिसलं की कुबेरनं बूड टेकलंच. खाकऱ्याचा डबा उघडल्याचा आवाज आला तरी बसतो. पाहुण्यांना कौतुक. "कुत्रा नहीं, साधू आहे आमचा," सुगनबाई सांगायच्या.

या साधूला स्पर्धेत उतरवायचं खूळ मननच्या डोक्यात आलं. मनन त्यांचा धाकटा मुलगा, तिशीचा, दुकान सांभाळतो आणि उरलेला वेळ मोबाइल. कुबेरचे आईबाप म्हणे मोठे बक्षीसवाले. मागच्या दिवाळीनंतर त्यानं जाहीर केलं, जानेवारीत धुळ्याला डॉग शो आहे, कुबेर जाणार.

आणि सुरू झाली अंगणात शाळा. मी भिंतीवर, चहा हातात. शोमध्ये कुत्रा कसा उभा राहायला हवा ते मनन मोबाइलवर बघून आम्हाला समजावायचा. पुढचे पाय खांद्यांच्या बरोबर खाली. मागचे जरा मागे. पाठ पाटासारखी सपाट. मान वर, शेपूट पाठीच्या रेषेत. तोंडापुढे खाऊ धरायचा म्हणजे कुत्रा कान टवकारून, डोळे चमकवत उभा राहतो.

"खाऊ म्हणजे काय?" मी विचारलं.

मननने घराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "व्हिडिओत उकडलेली कलेजी वापरतात."

"ती तुझ्या आईला दाखव, म्हणजे धुळ्याआधी तूच अंगणात उभा राहशील."

मग त्यानं खाकरा वापरला. खाकरा पुढे धरला, कुबेर बसला. उचलून उभा केला, परत धरला, परत बसला. पनीर धरलं, तर बसून लाळ गाळायला लागला. मनन घामाघूम, आणि कुबेर इतक्या भक्तिभावानं त्याच्याकडे बघतोय की आता नवकार कधी म्हणतोस?

दिवालीबाई झाडू मारत होती. न थांबता म्हणाली, "हात लागना का उभा. खानं दिसनं का खाली. तुमीच शिकाडेल शे."

मननने ऐकलं नाही. मोबाइलमध्ये तसं नव्हतं ना.

इथे मी मध्ये पडले. माझं माहेर सावद्याचं. भाऊ केळीचा बागायतदार, दर पंधरा दिवसांनी घड येतो. मी म्हटलं, खाकरा-बिकरा सोडा, केळं धरा. सावद्याच्या केळ्यापुढे माणसं उभी राहतात, कुत्र्याचं काय! केळं सोलून मी भिंतीवरून हात लांब केला, उंच. कुबेर दोन पावलं पुढे आला, मान वर केली, आणि उभा राहिला! पाय जागच्या जागी, पाठ सपाट. चांगला वीस आकडे मोजेपर्यंत. मी टाळ्या पिटल्या. मननने मला वाकून नमस्कारच केला.

आता, खरं सांगायचं तर, त्या वेळी दिवालीबाईनं झाडू ठेवून दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली धरली होती आणि एक पाय सरकवला होता. पण केळं माझं होतं की नाही?

तिथून आमचं भांडण जुंपलं. रोज सकाळी. मी म्हणायची, केळ्यानं उभा राहतो. ती म्हणायची, "केळानी नही, हातनी." मी दहा वाक्यं बोलायची, ती तीन शब्द. आणि दर वेळी कोण जिंकतंय ते कळायचं नाही, कारण हात तिचा आणि केळं माझं, दोन्ही एकदमच असायचं. एकदा नुसतं केळं धरून बघू या म्हणाली ती. मी म्हटलं, आज नको, आज केळं कच्चं आहे.

शेवटी मीच पैज लावली. "धुळ्याला कळेलच. तू हरलीस तर मला रोज दहा मिनिटं बोलून दाखवायचं. मी हरले तर धुळ्याहून जळगावला येईपर्यंत तोंड उघडणार नाही."

तिनं पहिल्यांदा झाडू थांबवला. "बठ्ठा रस्ता?"

"बठ्ठा. सगळाच्या सगळा."

तिच्या डोळ्यांत जी चमक आली ना, ती मी आधी कधी पाहिली नव्हती.

पण हे आमचं हसण्यावारी चाललं होतं तोवरच, डिसेंबरच्या शेवटी, ज्ञानचंदजींनी वेगळंच काढलं. रविवारी ओट्यावर बसून ते मननला म्हणाले, "घरात बसून बसून कुत्र्याचा लोड-तक्क्या झालाय. धुळ्याला नंबर आला तर राहू दे इथेच. नाही आला तर पुण्याला त्या शिकवणाऱ्याकडे पाठव, सहा महिने. काय व्हायचं ते नीट होऊ दे."

सुगनबाई आतून म्हणाल्या, "तिकडे त्याला अंडं खाऊ घालतील."

"नंबर आण म्हण तुझ्या साधूला," शेठजी म्हणाले. एकदा आकडा बोलले की शेठजी मागे सरत नाहीत, तो दुकानाचा असो की कुत्र्याचा.

त्या दिवशी दिवालीबाईनं अंगण दोनदा झाडलं. पेरूची पानं पडलेली नव्हती तरी. मी भिंतीवरून म्हटलं, "काय गं, जमिनीतून पाणी काढतेस का?"

तिनं झाडू तसाच चालू ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाजारमा बकरी इकी का मांगे पाहानं नही, बाप सांगे. मी दर डाव पाहे." झाडू आपटून धूळ काढली. "आते नही पाहानं माले."

मी त्या दिवशी आणखी काही बोलले नाही. नोंद करून ठेवा, वर्षातून एखादाच दिवस असतो असा.

जानेवारीत आम्ही गाडीनं धुळ्याला निघालो. मनन चालवायला, पुढे सुगनबाई. त्या आल्या ते कुणी कुबेरला अंडं दाखवू नये म्हणून. मागे मी, दिवालीबाई, आणि आमच्या मध्ये कुबेर, चौऱ्यांशी लाखांचे फेरे संपल्यासारखा शांत. माझ्या मांडीवर केळ्यांची पिशवी. ती पिशवी मी दिवसभर कुणाच्या हाती दिली नाही, हे लक्षात ठेवा. पुढे माझ्याच अंगाशी आलं.

एका शाळेचं मैदान, दोरी लावून केलेलं रिंगण, मांडव, लाउडस्पीकर. नाशिकपासून नरडाण्यापर्यंतची कुत्री. केस विंचरलेली, पावडर लावलेली, एकाला तर छोटा पंखा लावून दिला होता. मी दोरीजवळची खुर्ची पकडली आणि ओळखी करून घेतल्या. लॅब्रॅडॉरची वेळ तीनची. मनन दर अर्ध्या तासानं सराव घ्यायचा, मी केळं सोलायची, दिवालीबाई बोटं लावायची, कुबेर उभा. झकास. तालीम चोख होती.

पण तीन वाजता सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांना आणणाऱ्यांचा, मग मांडववाल्यांचा. शाल, नारळ, चार शब्द. आमच्याकडे चार शब्द म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. मला सांगितलं असतं तर मीही बोलले असते. तीनचे चार झाले, चारचे सव्वासहा. लॅब्रॅडॉरचा पुकारा झाला तेव्हा सूर्य शाळेच्या टाकीमागे पार खाली गेला होता आणि मैदानावरचे दिवे लागले होते.

मननने दंडाला नंबर बांधला. मी केळं सोलून त्याच्या हातात देणार, तेवढ्यात पुढून आवाज आला.

"मनन, हाथ रोक. सूरज गया."

"मम्मी!" मनन रडकुंडीला. "तो कुत्रा आहे!"

"कुत्रा असू दे. माझ्या घरचा आहे. दोन वर्षांत सूरज गेल्यावर त्यानं दाणा घेतला नाही. आज काय बक्षिसासाठी नेम मोडायचा त्याचा?"

मी मध्यस्थी केली. "सुगनबाई, एवढुसं केळं. फळच तर आहे. आणि खाणार नाही तो, नुसतं बघेल."

"खायला न देता नुसतं दाखवायचं? हे तर अजून पाप, अक्का."

आता याला काय उत्तर आहे? माझ्याकडे नव्हतं, आणि माझ्याकडे नसलं म्हणजे कुणाकडेच नसतं. केळं परत पिशवीत गेलं. मननने रिकामी मूठ पुढे धरून बघितली, जणू आत काही आहे. कुबेरनं मूठ बघितली आणि शांतपणे बसला. उठवला. परत मूठ. परत बसला. लाउडस्पीकरवर आमचा नंबर दुसऱ्यांदा पुकारला. मनन दिवालीबाईकडे वळला. "मावशी..."

तिच्या चपला आधीच दोरीबाहेर काढून ठेवलेल्या होत्या. तिनं दंड पुढे केला. मननने स्वतःचा नंबर सोडून तिला बांधला.

पाच कुत्री होती. चार पट्टे चार कडक इस्त्रीच्या कोटवाल्यांच्या हाती, पाचवा अनवाणी दिवालीबाईच्या. परीक्षक म्हणजे उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, बाहेरगावचे. त्यांनी पळायला सांगितलं. कोटवाले तोलून मापून पळाले. ही पळाली ती डोंगरउतारावरून बकरीमागे पळावं तशी, पदर खोचून. कुबेर आनंदानं तिच्या गुडघ्याला लागून. माय वं, मी खुर्चीवर उभी राहिले!

मग उभं करायची वेळ. चार जणांनी खिशातून काहीतरी काढून कुत्र्यांच्या नाकापुढे धरलं. चार शेपट्या हलल्या. दिवालीबाईकडे काहीच नव्हतं. तिनं दोन बोटं हनुवटीखाली धरली. मागचा डावा पाय उचलून ठेवला, उजवा ठेवला. हात काढला. आणि स्वतः उभी राहिली. समोर बघत. तिथे पेरूचं झाड नव्हतं, मांडवाचा बांबू होता, तो चालला तिला.

परीक्षक आले. कोटवाले त्यांच्याकडे बघून हसत होते. हिनं बघितलंसुद्धा नाही. पुढे मला कळलं की बाजारात गिऱ्हाइकाकडे बघायचंच नसतं, विकायची घाई आहे असं दिसतं म्हणे. परीक्षकांनी पाठीवर हात फिरवला, कुबेर हलला नाही. दात बघायला वाकले, तर त्यांच्या आधी हिनंच त्याचा ओठ वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दोन वरीसना शे. भरेल तोंड शे." बकरीचं वय सांगतात तसं! परीक्षकांना अहिराणी कळली नसावी, पण त्यांनी अदबीनं मान हलवली.

मग लांब उभे राहून ते पाचही कुत्र्यांकडे बघत राहिले. एक मिनिट. दीड. एका पांढऱ्या लॅब्रॅडॉरनं खाऊ गिळला आणि पुढे सरकला. दुसरा एक भुंकला. माझ्या हातातली पिशवी माझ्याच घामानं ओली. कुबेर तसाच. दिवालीबाई तशीच. तिच्या पायाच्या बोटाला एक डास बसला होता, मला दिव्यात दिसत होता. तिनं तो चावू दिला.

तिसरा नंबर आला.

मननने तिथूनच वडिलांना फोन लावला, आवाज मोठा करून. "पप्पा, तिसरा!"

"किती जणांत?"

मनन जरा अडखळला. "पाच."

शेठजींनी तिकडे "पाच" एकदा म्हणून बघितलं. मग, "नंबर म्हणजे नंबर. घरी आणा."

सुगनबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाल्या. दिवालीबाई खाली बसून कुबेरच्या कानामागे गोचीड शोधत होती. एकही नव्हती. तरी बराच वेळ शोधत होती.

आणि आम्ही गाडीत बसलो. धुळ्याच्या बाहेर पडेपर्यंत मी दम धरला. तेवढंच.

"हे बघ दिवालीबाई," मी म्हटलं, "तिसरा आला, फार छान झालं. पण पैज काही तू जिंकली नाहीस हं. दिवसभर केळं खाल्लंय त्यानं. पोटात केळं होतं. शिवाय हाताला वास असतो. त्या वासानं उभा राहिला तो."

ती खिडकीबाहेर बघत होती. "केळं कोन सोले?"

"मी."

"दिवसभर?"

"दिवसभर मीच! सावद्याचं केळं मी दुसऱ्याच्या हाती देते होय?"

"मंग वास कोना हातले?"

मी हात मागे घेतला. पुढच्या सीटवर सुगनबाईंचे खांदे हलायला लागले.

"आन तुमी कोठे व्हत्या?"

"दोरीला. खुर्चीवर. तिथेच तर होते समोर."

"त्यानी पाह्यं का तुमनाकडे?"

पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. मी खुर्चीवर उभी राहून हात हलवत होते, आणि मेल्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आत्ताही तो आमच्या मध्ये बसून हनुवटी तिच्या मांडीवर टेकून झोपला होता, आणि केळ्यांची पिशवी त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होती.

"बठ्ठा रस्ता," दिवालीबाई म्हणाली. इतकंच.

पारोळा आलं. पारोळ्याला माझी एक चुलत नणंद असते, तिची एक फार मजेदार हकीकत आहे, ती मला आठवली. मी तोंड उघडलं. दिवालीबाईनं माझ्याकडे न बघता हात लांब केला आणि दोन बोटं माझ्या हनुवटीखाली धरली. अलगद. मान जराशी उचलली. आणि हात काढून घेतला.

एरंडोल गेलं, मग जळगावचे दिवे दिसायला लागले. मी तशीच. पाठ सरळ, मान वर.